घरटी एक माणूस

आमचे अण्णा पैसा वाचवण्यात जेवढे पटाईत होते, तेवढेच वाचवलेला पैसा घालवण्यातही. फक्त हे दुसरं त्यांना स्वतःला कधी पटलं नाही. उमरग्याचा बाजार करून येताना एसटीत ते गावापर्यंतचं तिकीट काढायचे नाहीत. अलीकडच्या फाट्यापर्यंतचं तिकीट थोडं कमी पडायचं, म्हणून तिथं उतरायचे आणि डोक्यावर बाचकं घेऊन उन्हातनं चालत यायचे. चालून घसा कोरडा पडला की वाटेवरच्या हॉटेलात चहा प्यायचे, आणि तिथं ओळखीचं कुणी भेटलं तर त्यालाही पाजायचे, कारण माणसाला चहा न विचारण्याइतके काही ते चिक्कू नव्हते. घरी आले की आई एवढंच म्हणायची, "च्या पिऊन आलाव वाटतं." अण्णा म्हणायचे, "तिकीट वाचलं की!" वर्षाची मिरची ते उठत्या बाजारात घ्यायचे, म्हणजे व्यापारी पोती बांधायला लागले की. स्वस्त मिळायची यात शंका नाही. पण ती ओली असायची. माळवदावर वाळत घातली की निम्मी व्हायची, त्यातली थोडी बुरशी येऊन काळी पडायची आणि मग संक्रांतीच्या सुमारास अण्णा परत मिरची आणायला निघायचे, तेही तोंडावर आपण पहिल्यांदाच निघालोय असा भाव ठेवून.

आमचं गाव माकणीच्या अलीकडं. तेव्हा धरण व्हायचं होतं आणि आता जिथं पाणी दिसतं तिथं काळी रानं होती. घर पांढऱ्या मातीचं, वर सपाट माळवद. पहाटे जाग यायची ती आईच्या भाकरीच्या आवाजानं. काठवटीत पीठ मळल्याचा दबका आवाज, मग थापल्याचा ताल, मग तव्यावर पडल्याचा एक हलका फटका. मी आणि माझे दोन धाकटे भाऊ अंथरुणात पडून त्या आवाजावरनं भाकरी मोजायचो, आणि कमी वाटल्या तर लवकर उठायचो. सकाळचं आवरलं की आई वाळवण घालायला माळवदावर चढायची, आणि तिथनं तिला सगळ्या गावाचे धूर दिसायचे. कुणाचा धूर उशिरा निघाला, कुणाचा निघालाच नाही, कुणाचा नुसताच काळा येतोय म्हणजे लाकूड ओलं आहे, हे सगळं ती खाली येऊन सांगायची. "मुंजाबाच्या घरी आज चूल पेटली न्हाई, बघून येते," म्हणून ती निघायची आणि तिथं खरंच कुणीतरी आजारी असायचं. आता गावात सगळीकडं गॅस आला. मी मध्यंतरी गेले होते तेव्हा सकाळी उठून गच्चीवर गेले, तर आभाळ स्वच्छ, आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते काहीच कळेना.

अण्णांना मुदतीचा ताप आला तो ऐन सुगीत. पहिले काही दिवस त्यांनी तो अंगावर काढला. ताप येतो तसा जातो, डॉक्टरनं घालवला की तेवढे पैसे जास्तीचे, असं त्यांचं साधं मत होतं. मग एके दिवशी ते खळ्यावरच कोसळले आणि बैलगाडीत घालून, पुढं एका ट्रकवाल्याच्या पाया पडून, त्यांना उमरग्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. वेळेवर आणलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता सलाईन, सुया, खाट, आणि शिवाय ते वाचतील का हेही त्यांना सांगता येईना. मामा अण्णांजवळ थांबले आणि आई एक रात्र घरी आली, आम्हाला बघायला. सकाळी उठून तिनं आंघोळ केली, माझा हात धरला आणि मला गावाबाहेरच्या पिराकडं घेऊन गेली.

आमच्या गावचा पीर लिंबाखाली, पांढऱ्या चौथऱ्यावर. गावातली सगळी घरं त्याला मानायची. लेकरू झालं, बैल उठून उभा राहिला, विहिरीला पाणी लागलं, की पिराला कंदुरी व्हायची, म्हणजे बोकड कापून गावजेवण. मात्र पिराचा नवस मनातल्या मनात बोलून चालत नाही, तो मुजावराला ऐकू जाईल असा बोलायचा, अशी पद्धत. अमीनचाचा मुजावर तिथं झाडत होते. आईला बघून त्यांनी झाडू बाजूला ठेवला. "बोला वैनी. बाबा ऐकतूय." आईनं चौथऱ्यावर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "बाबा, धनी आपल्या पायानं घरी आलं, तर चूलबंद कंदुरी करीन. त्या दिशी गावात एकाबी चुलीतनं धूर निघू देनार न्हाय. तोवर पायात चप्पल घालनार न्हाय." आणि तिनं चपला काढून माझ्या हातात दिल्या. परत येताना मी त्या छातीशी धरून चालत होते, आणि आई पुढं, अनवाणी, भराभर. मला तेव्हा फार रडू येत होतं, पण तिच्याकडं बघून ते आत राहिलं.

अण्णा वाचले. एसटीतनं उतरून मामांच्या खांद्यावर एक हात ठेवून, पण स्वतःच्या पायानं घरी आले. गालफडं बसलेली, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा. ओट्यावर बसल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते दवाखान्याला किती गेले, आणि दुसरं, आईच्या पायात चप्पल का नाही. आईनं सांगितलं. 

"चूलबंद? आख्खं गाव?" ते म्हणाले. "अगं, नारळ बोलायचा. पाच बोलायचे. लईच म्हणलं तर एक चादर."

"तिथं तुमचं डोळं फिरलं व्हतं," आई म्हणाली. "मला नारळाची याद आली न्हाय."

इथं थोडं सांगायला हवं, कारण आता हे शब्द गेले. आता लग्नाची पत्रिका मोबाइलवर येते, त्यात सहकुटुंब सहपरिवार लिहिलेलं असतं आणि खाली केटररचा माणूस ताटं मोजत उभा असतो. आमच्याकडं जेवणाच्या बोलावण्याला आवतन म्हणायचे आणि आवतनाच्या दोन जाती होत्या. एक चूलबंद. म्हणजे घरातली म्हातारी, लेकरं, बाया, आलेला पाहुणा, सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही. दुसरी घरटी एक. म्हणजे प्रत्येक घरातनं एकच माणूस, बाकीच्यांनी आपापलं घरी खावं. कुणाची ऐपत कुठल्या आवतनाची, हे गावाला ठाऊक असायचं आणि त्यात कुणी कुणाला नावं ठेवायचं नाही. आमची ऐपत मधली होती. चूलबंद झेपलं असतं, पण कण्हत.

अण्णांच्या अंगात जरा ताकद आली तशी त्यांची आकडेमोडही अंगात आली. ओट्यावर बसून ते बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवायला लागले. एक दिवस जेवताना म्हणाले, "घरटी एक करू. प्रत्येक घराचं तोंड लागलं म्हंजी गाव जेवलंच की. पिराला काय, त्यो का पंगतीतनं मोजत फिरतूय?"

"नवस चूलबंद बोलल्याला हाय."

"आगं, पर माझा जीव काय येवढा म्हागाचा हाय का?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "म्हाग का सवंग ते तुमी ठरवायचं न्हाय. बोलले म्या हाय."

अण्णा हे काही लाडात येऊन म्हणत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटायचं. आम्हाला वह्या-पुस्तकं पहिल्या दिवशी यायची, आईला दिवाळीला लुगडं यायचं, आणि स्वतःसाठी मात्र ते जुन्याच सदऱ्याची कॉलर उलटी करून शिवून घ्यायचे. आपल्यावर झालेला खर्च म्हणजे नासाडी, ही त्यांची समजूत इतकी पक्की होती की औषधाची बाटलीसुद्धा ते तळाशी पाणी घालून हलवून प्यायचे. हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर त्यांच्या चिकटपणाचं हसू येणं थांबलं नाही, पण त्यात माया मिसळली. तेव्हा मात्र मी आईच्या बाजूची होते आणि रागावलेली होते.

आई ऐकत नाही म्हटल्यावर अण्णांनी तिला न विचारता दगडूमामाला आवतन सांगायला धाडलं. दगडूमामा गावात दारोदार जाऊन बोलावणी सांगायचा. त्याचा आवाज आमच्या बोळापर्यंत आला, "उंद्या अण्णाच्या पिराची कंदुरी वोऽऽ घरटी एक माणूस!" आई हातातलं काम सोडून उभी राहिली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. पण गावात शब्द गेला होता, तो मागं घेता येत नव्हता. ती एवढंच म्हणाली, "बाया येनार न्हाईत."

"बाया कशाला लागत्यात?" अण्णा म्हणाले.

आता हे वाक्य बाईच्या तोंडून कधीच निघालं नसतं. अण्णा जन्मभर गावच्या कंदुऱ्या जेवले होते, पण भाकरी त्यांच्या ताटात आयती यायची. ती कुठनं येते हे बघायचं त्यांना कधी काम पडलं नव्हतं. आमच्या गावची रीत अशी होती की चूलबंद आवतन आलं की बाया उजाडताच आपली काठवट आणि तवा घेऊन त्या घरी जायच्या, आणि काखेत एकेक लाकूड. आपली चूल आज पेटणार नाही, तर तिचं लाकूड तिकडं जळू दे, असा हिशोब. भाकरी त्याच भाजायच्या, मसाला त्याच वाटायच्या. आईनं इतक्या वर्षांत एकही काठवट चुकवली नव्हती. पण घरटी एक आवतनाला यातलं काहीच लागू नव्हतं. बायांना आवतनच नाही, तर त्या येतील कशा? त्यांना आपापल्या घरी स्वयंपाक करायचा होता.

दुसऱ्या दिवशी उजाडलं. अंगणात चुलीसाठी चर खणून ठेवलेला, पिठाची पोती उघडलेली, आणि आम्ही दोघी मायलेकी. दिवस कासराभर वर आला तरी कुणी येईना, तेव्हा अण्णांना उमगलं. मग जी धावपळ झाली ती विचारू नका. दोन बैलगाड्या लाकूड वखारीतनं आणावं लागलं. भाकरीसाठी रोजानं बाया बघायला अण्णा शेजारच्या गावाला गेले. त्या बायांनी अण्णांच्या कपाळावरचा घाम बघितला आणि रोज दुप्पट सांगितला. अण्णांनी त्यांना गाडीत घेतलं आणि गाडी हाकली. इकडं अमीनचाचांनी फातिहा देऊन बोकड कापलं, रस्सा चढला, काळं तिखट पडलं, घट्ट व्हायला येसर पडला, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ. माळकरी आणि लिंगायत घरांसाठी वेगळ्या चुलीवर हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, रटरटत होती. वास असा सुटला होता की माझे धाकटे भाऊ चुलीपासनं हलेनात.

आणि पंगतीला माणसं आली. अण्णांनी हिशोब धरला होता माणशी दोन भाकरींचा. पण घरातनं एकालाच बोलावलं तर घर कुणाला पाठवील? जो सगळ्यात जास्त खातो त्यालाच. प्रत्येक घरानं आपला निवडक गडी पाठवला होता. बिराजदारांच्या घरातनं त्यांचा बाबू आला, तालमीतला. त्यांची म्हातारी, सुना आणि लेकरं मिळून जेवढं जेवली असती तेवढं बाबू एकटा मांडी न हलवता जेवला, आणि वर म्हणाला, "अण्णा, रस्सा जरा पातळ झालाय बघा." त्यातच एकानं शंका काढली, "घरटी म्हंजी दारामागं एक का चुलीमागं एक? आमी चौघं भाव, दार येकच, पर चुली चार हायत्या." अण्णांना नाही म्हणवेना. झालं! कालपर्यंत एकत्र म्हणून मिरवणारी घरं त्या दुपारी पंगतीत फटाफट वेगळी झाली. दगडूमामा वाढता वाढता माझ्या कानाशी म्हणाला, "मंगल, आज आपल्या गावात लई वाटण्या झाल्या गं."

बोकड संपलं. निम्मी माणसं अजून उभी. आता अडला हरी म्हणतात तशी गत. मेंढक्याकडं एक पोसलेलं बोकड होतं, ते त्याला विकायचंच नव्हतं, आणि विकायचं नसलेल्या वस्तूचा जो भाव असतो तो त्यानं सांगितला. त्या दिवशी दुसऱ्यांदा अण्णांनी सांगितलेला भाव न घासता दिला. शेवटची पंगत उठली तेव्हा दिवस कलला होता. अण्णा चराच्या कडेला बसले होते, तोंडावर राख उडालेली. बाबूला बोलवायला आलेले त्याचे वडील जाता जाता म्हणाले, "चार आन्याची कोंबडी आन बारा आन्याचा मसाला केलाव की अण्णा!" अण्णा हसले, पण ते हसणं ओठांवरच राहिलं.

आई दुपारी मधेच एकदा माळवदावर जाऊन आली होती. खाली येऊन ती मला एवढंच म्हणाली, "सगळ्या गावात धूर हाय." दुसऱ्या दिवशी ती अनवाणीच पाण्याला गेली. अमीनचाचा स्वतः घरी आले. म्हणाले, "वैनी, कंदुरी हुई, अब चप्पल घाला." आई म्हणाली, "झाली न्हाय चाचा. धूर व्हता." चाचांनी दाढीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "वो भी खरं हाय." आणि उठून गेले. अण्णा आत जोत्यावर बसून ऐकत होते. त्यांना वाटलं, चार दिवस रुसेल आणि घालील.

तिनं घातल्या नाहीत. थंडी गेली, शिमगा गेला, ऊन चढलं. आमच्या काळ्या रानाला उन्हात अशा भेगा पडतात की त्यात हात जावा, आणि ढेकळं तव्यासारखी तापतात. आई तशीच रानात जायची. एका दुपारी ती लंगडत आली. वाळलेल्या बाभळीचा काटा टाचेत मोडला होता. मी सुई शोधत होते, तर अण्णांनी ती माझ्या हातातनं घेतली, आईचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि काटा काढायला बसले. असं दृश्य आमच्या घरात कधी कुणी बघितलं नव्हतं. माझे भाऊ दारात थबकले. अण्णांनी काटा काढला, पण पाय सोडला नाही. तळव्याच्या भेगा बघत राहिले. मग म्हणाले, "घाल की गं चपला. पाया पडतो."

"कशी घालू?" आई म्हणाली. "तुमच्या जिवाचं हाय ते. निम्मं करून ठिवलं आन ताप परत आला म्हंजी? मला भ्या वाटतंय वो." आणि ती रडायला लागली. दवाखान्याच्या त्या सगळ्या दिवसांत न रडलेली माझी आई तिथं अंगणात, मांडीवर पाय असतानाच, हुंदके देऊन रडली.

मला वाटतं, तोवर अण्णांनी ते आईचा हट्ट म्हणून धरलं होतं. ती भिऊन आहे, रोज सकाळी त्यांच्या कपाळाला हात लावून बघते ते उगीच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.  भाव चढेल म्हणून राखून ठेवलेली तुरीची पोती दुसऱ्या दिवशी त्यांनी एसटीच्या टपावर चढवली आणि भाव चढायच्या आधीच विकून आले. येताना तिकीट गावापर्यंतचं काढलं होतं.

दगडूमामाची हाक परत बोळातनं आली, "चूलबंद वोऽऽ चूलबंद!" आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून तांबडं फुटायचं होतं, तर दारात काकणांचा आवाज. बाया आल्या होत्या. काखेत लाकूड, डोक्यावर काठवट, त्यात पालथा तवा. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. चराच्या दोन्ही अंगांना बसल्या आणि भाकरी थापायला लागल्या. इतक्या हातांचा तो आवाज मी आयुष्यात परत ऐकला नाही. कुणाचा ताल जलद, कुणाचा संथ, मधेच कुणाच्या तरी नवऱ्याची थट्टा, मधेच हसण्याचा लोंढा. मी वाटणाला बसले होते. माझ्या डोळ्यांतनं कांद्याचं पाणी येत होतं आणि मला इतकं बरं वाटत होतं की ते थांबूच नये. भाकरीची चवड माणसाच्या कमरेएवढी झाली तरी बाया उठेनात. दाराशी लाकडांचा ढीग झाला. अण्णा त्या ढिगाभोवती एक चक्कर मारून आले आणि आईला हळूच म्हणाले, "हे समदं फुकटचं?"

"फुकटचं न्हाय," आई म्हणाली. "म्या आजवर भाजलेल्या भाकरीचं हाय."

बोकड एकच कापलं आणि ते पुरून उरलं. म्हाताऱ्यांना दात नाहीत, लेकरं निम्मं सांडतात, बाया एकमेकींच्या ताटात वाढण्यातच दंग. बाबू पैलवानही आला, पण शेजारी त्याची आजी बसली होती, त्यामुळं तो माणसासारखा जेवला. पण हे सगळं नंतरचं, आधी पंगत बसली तरी आई ताटाला हात लावू देईना. "थांबा, बघून येते," म्हणाली आणि माळवदावर चढली. मी मागोमाग. उन्हात सगळं गाव पसरलेलं, माळवदाला माळवद लागून, आणि कुठंही धूर नाही. आई हळूहळू मान फिरवत होती. खालच्या गल्लीपाशी ती थांबली. तिथनं एक धूर निघत होता. जाड, काळा, सरळ वर.

ते घर गोदाकाकूंचं. अण्णांच्या थोरल्या चुलत भावाची बायको. भाऊ वारल्यावर एकट्याच राहायच्या. बांधावरची एक बाभळ अण्णांनी न विचारता तोडली, तेव्हापासनं दोन घरांत बोलणं नव्हतं. आईनं वरनंच खाली अण्णांना विचारलं, "गोदावैनीला आवतन सांगितलं का?" अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. "मागल्या बारीलाबी सांगितलं न्हवतं. ती कुठं येनार हाय? उगं आवतन वाया."

आई खाली उतरली नाही. नुसती वरनं बघत राहिली. अख्खं गाव ताटावर बसलेलं, रस्सा निवत चाललेला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "चल गं मंगल," म्हणाले. त्यांना एकट्याला जायचा धीर नव्हता.

काकू चुलीपुढं बसल्या होत्या. चुलीत ओल्या तुराट्या कोंबलेल्या, घरभर धूर, डोळ्यांतनं पाण्याच्या धारा. आणि चुलीवर काहीच नव्हतं. तवा नाही, पातेलं नाही. नुसता धूर घालत बसल्या होत्या, वरनं दिसावा म्हणून. आम्हाला बघून त्यांनी आणखी एक तुराटी आत सारली.

"वैनी," अण्णा उंबऱ्याबाहेरनं म्हणाले, "चूल इजवा. चूलबंद आवतन हाय."

"कुनाची कंदुरी?"

"माझी. आजारी व्हतो."

"आसं का?" काकू म्हणाल्या. "मला गावावरनं कळलं. मरायला टेकलाव म्हनत व्हते. म्या दोन दिस दाराकडं बघत बसले, कोन बोलवाया येतंय का." त्यांनी पदरानं डोळे पुसले, धुराचे की कसले कोण जाणे.

"वैनी, ती बाभळ..."

"बाभळ गेली खड्ड्यात. घरटी एक केलाव न्हवं मागं? माझ्या घरात मानूसच एक हाय भावजी. मला बोलावलं असतं तर तुमचं काय जास्ती गेलं असतं?"

अण्णांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "एक भाकरी."

"दोन," काकू म्हणाल्या. "म्या दोन खाते."

अण्णांना हसू आलं, आणि हसताना त्यांचा आवाज फुटला. ते उंबरा ओलांडून आत गेले, रांजणातनं तांब्या भरला आणि स्वतःच्या हातानं चुलीत ओतला. काकूंनी कोपऱ्यातलं एक लाकूड उचलून काखेत मारलं आणि आमच्या पुढं चालायला लागल्या. आईनं चपला कधी घातल्या ते मी बघितलं नाही. काकूंना हाताला धरून तिनं पंगतीत आणलं, तेव्हा त्या तिच्या पायात होत्या एवढं खरं. काकू त्या दिवशी तीन भाकरी जेवल्या, आणि तिसरी अण्णांनी न विचारता वाढली.